खाटेवरची खूण

“आमच्या वॉर्डात आलेला माणूस फक्त पेशंट असतो. त्याची जात बघत नाही, खिसा बघत नाही, रोगसुद्धा बघत नाही. सगळ्यांना एकच चादर आणि एकच माया,” असं शारदा सिस्टर माइकवर ठणकावून म्हणाल्या आणि मांडवात टाळ्या पडल्या.

टाळ्या संपायच्या आत त्यांच्या पाठीमागच्या दारातून एक लोखंडी खाट बाहेर यायला लागली. अर्धी आली आणि चौकटीत अडकली. खाटेवर एक बाई पडलेली होती. टाळ्या चालूच होत्या, त्यामुळे नव्या पेशंटचं इथे असंच स्वागत करत असतील असं तिला वाटलं असावं. तिने पडल्या पडल्या सगळ्या मांडवाला हात जोडले.

हा प्रकार कासार आंबोलीच्या फाट्यावरच्या गंगूबाई स्मृती रुग्णालयात झाला, दोन हजार तीनच्या एप्रिलमध्ये. रुग्णालय बापूसाहेबांचं. त्यांनी बंगलेवाल्यांना जमीन विकली आणि त्यातले थोडे पैसे आईच्या नावाने पुण्यकर्माला लावले. गंगूबाई हयातभर कुठल्या दवाखान्याची पायरी चढल्या नव्हत्या, इंजेक्शनचं नाव काढलं तरी त्या शेतात पळून जायच्या. आता त्यांचा हार घातलेला फोटो ऑपरेशन थेटरच्या दारावर होता. त्या दिवशी दवाखान्यात थंड पाण्याचं मशीन आलं होतं आणि बापूसाहेब त्याचं उद्घाटन करत होते. स्वतःच्या दवाखान्यात स्वतःच उद्घाटन करायला त्यांना कधी संकोच वाटला नाही.

खाट ढकलत होती वॉर्डातली साळूबाई मावशी. बापूसाहेबांनी माइक हातात घेतला आणि गमतीत विचारलं, “काय साळूबाई, कुटं निघाली वरात?”

साळूबाईने खाटेचा पाय चौकटीतून सोडवता सोडवता सांगितलं, “रिपोट आला न्हवं का ह्या बाईचा. एड्स हाय. डाक्टर म्हनले, आदी व्हरांड्यात काढा.”

माइक चालू होता. कर्णा फाट्यावरच्या वडाला बांधला होता. बातमी वडापावच्या गाडीपर्यंत पोचली, एसटीची वाट बघणाऱ्यांनी ऐकली. पाहुण्यांनी हातातले थंड पाण्याचे ग्लास एकेक करून खाली ठेवले. मशीनचं पाणी त्या दिवशी पुन्हा कुणी प्यायलं नाही.

खाटेवरच्या बाईचं नाव चिमाबाई. धनगराची लेक. नवरा नांद्याला बिल्डिंगांच्या कामावर होता, दोन वर्षं ताप ताप करत वारला. तीही तिथेच विटा वाहायची. मांडीत गळू झालं, ते आत आत गेलं, पाय खाली टेकवेना, तेव्हा बाप धुळा तिला पाठीवर घेऊन आला. धुळ्याची मेंढरं त्या दिवसांत दवाखान्याच्या मागच्याच शेतात बसवली होती. रात्री मेंढरं बसली की शेताला खत होतं आणि धनगराला धान्य मिळतं, असा तिकडचा व्यवहार. म्हातारा सकाळ-संध्याकाळ किटलीतून शेळीचं दूध घेऊन यायचा.

इलाज साधा होता. गळू कापायचं, पू काढायचा, जखम भरू द्यायची. पुण्याहून मंगळवार-शुक्रवार येणारे डॉक्टर दिग्विजय अशी गळवं जेवणाआधी दोन-दोन कापत. कापलं तर पोरगी वाचणार होती आणि न कापलं तर पू रक्तात जाणार होता. हे डॉक्टरांना माहीत होतं, सिस्टरांना माहीत होतं, साळूबाईलासुद्धा माहीत होतं.

तर भाषणाच्या दिवशी संध्याकाळी शारदा सिस्टर चिमाबाईला सलाइन लावायला व्हरांड्यात गेल्या. लावून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण हातमोज्यांचे दोन जोड घातलेत. दुपारी त्याच हातांनी त्यांनी टीबीचा म्हातारा पुसून काढला होता, तेव्हा एकच जोड होता. इतक्यात धुळा किटली घेऊन आला. म्हणाला, “घ्या बाई, तुमी बी घोटभर घ्या. ताजं हाय.”

“मी दूध पीत नाही हो बाबा,” सिस्टर म्हणाल्या. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत त्यांचे चार चहा झाले होते.  धुळ्याने झाकण लावलं आणि किटली बाजूला ठेवली. सिस्टर आत गेल्या, कोपरापर्यंत हात धुतले, मग पुन्हा धुतले. बेसिनवरच्या आरशात दुपारचं भाषण केलेली बाई त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी नळ बंद केला आणि ती रात्र नीट काही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून व्हरांड्यात गेल्या आणि बाबांच्या किटलीतलं दूध मागून प्यायल्या. पहिला घोट डोळे मिटून घेतला. दुसऱ्या घोटाला दूध लागलं.

मंगळवार आला. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटचा नंबर सगळ्यात शेवटी, म्हणजे नंतर थेटर धुता येतं. शेवटचा नंबर यायच्या आधी त्यांची पुण्याच्या ओपीडीची वेळ झाली. शुक्रवारी पुन्हा शेवटचा नंबर लागला आणि पुन्हा तसंच झालं. पुढच्या मंगळवारी स्पेशल किट आलं नव्हतं. सिस्टर रोज ड्रेसिंग करत होत्या, गोळ्या देत होत्या, आणि मांडी रोज थोडी जास्त तापत होती.

साळूबाई तशी वाईट बाई नव्हती. ती चिमाबाईचं ताट घेऊन यायची, चार हात लांब फरशीवर ठेवायची आणि फरशी पुसायच्या दांड्याने हळूच सरकवायची. आमटी हिंदकळू द्यायची नाही. त्यात तिचा हात इतका बसला होता की तिला त्याचं कौतुक व्हावं असंही वाटायचं. नवीन माणूस चुकून जवळ जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी खाटेला काहीतरी खूण करायला सांगितली. फाटकाचा लाल ऑइलपेंट उरला होता. साळूबाईने खाटेच्या डोक्याशी तळहाताएवढा लाल ठिपका लावला.

त्या दुपारी सिस्टर ड्रेसिंगला गेल्या तर चिमाबाईचा चेहरा आल्यापासून पहिल्यांदा उजळलेला.

“बाई, मला खूण केली,” ती म्हणाली.

 मग ती सांगत राहिली. तिच्या बापाच्या मेंढरांना पाठीवर गेरूची खूण असते, हर एका घराची वेगळी. खुणेचं मेंढरू कुठे चुकलं, पार ताम्हिणीकडे गेलं, तरी बघणारा ओळखतो आणि आणून देतो. बिनखुणेचं कुणाचंच नसतं, त्याला कुणीही कापून खातं. भाईर टाकली तवा वाटलं, आता कोन इचारतंय आपल्याला, असं ती म्हणाली, पर तुमी तर खूणच केली, आता मी तुमच्या कळपातली.

“व्हय,” शारदा सिस्टर म्हणाल्या. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पेशंटना पुष्कळ खोटं सांगितलं होतं. दुखणार नाही, उद्या सोडतील, असलं. इतकं जड खोटं हे पहिलंच.

मग त्यांच्या डोक्यात एक आयडिया आली, आणि शारदा सिस्टरांच्या डोक्यात आयडिया आली की दवाखान्यातलं काहीतरी मोडतं असा आजवरचा अनुभव होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ठिपका एकाच खाटेला असला तर ती वेगळी पडते, सगळ्याच खाटांना असला तर कुणीच वेगळं नाही. दुपारी पेशंट झोपले असताना त्यांनी उरलेला पेंट घेतला आणि वॉर्डातल्या एकूण एक खाटेला ठिपका लावला. डबा संपेना, म्हणून स्वतःच्या खुर्चीच्या पाठीलाही लावला.

चारच्या चहाला साळूबाई आली. तिने वॉर्डभर नजर फिरवली आणि तिच्या हातातली किटली खाली पडली. “अगं आई गं, समद्यास्नी झाला,” एवढंच ती म्हणाली.

पुढचा प्रकार फाट्यावर अजून सांगतात. सलाइन लावलेला एक जण बाटली स्वतःच्याच हातात उंच धरून मेव्हण्याच्या लुनावर बसून गेला. पायाला प्लॅस्टर असलेला एक गडी कुंपणाच्या तारेवरून गेला, कसा गेला ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. बापूसाहेबांच्या सासूबाई साखर वाढली म्हणून दाखल होत्या. आठवडाभर त्यांना संडासला न्यायला दोन बायका लागत. त्या एकट्याच, चपला न घालता, रिक्षा स्टँडपर्यंत पळाल्या आणि पहिला नंबर लावला.

रिकाम्या वॉर्डात सिस्टर एकट्याच राहिल्या. व्हरांड्यातून चिमाबाईने हाक मारली.

“बाई, समदी का पळाली?”

सिस्टर व्हरांड्यात आल्या.

“खुणंची मेंढरं अशी पळत न्हाईत,” चिमाबाई म्हणाली. मग म्हणाली, “ती खूण कळपाची न्हवं. रोगाची हाय. व्हय ना?”

“व्हय,” सिस्टर म्हणाल्या. हे खरं होतं आणि आधीच्यापेक्षा जड होतं. त्या आत गेल्या, आपली खुर्ची ओढत आणली आणि खाटेला लावून ठेवली. “ही बघ, मला पण केलीय.”

चिमाबाईने मान वळवून खुर्चीच्या पाठीकडे बघितलं, मग सिस्टरांच्या पाठीकडे. पेंट ओला असताना सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. पांढऱ्या साडीच्या पाठीवर हातभर लाल फराटा होता. चिमाबाई हसायला लागली. हसताना मांडी दुखली म्हणून कळवळली आणि तरी हसत राहिली. त्या दिवसापासून सिस्टर तिथेच बसून फोनला उत्तरं द्यायच्या. तिची वेणी घालायच्या. हातमोजे ड्रेसिंगपुरते, वेणीला नाही.

बापूसाहेब संध्याकाळी आले ते तापूनच. घरी सासूबाईंनी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. “सिस्टर, हा दवाखाना हाय का रंगपंचमी?” असं त्यांनी सुरू केलं आणि बराच वेळ ते थांबले नाहीत. शेवटी दमून म्हणाले, त्या बाईचं गळू एकदाचं कापा आणि तिला घरी लावा, म्हणजे माणसं परत येतील. त्यांनीच डॉक्टरांना फोन लावला. आता थेटर रिकामं, वॉर्ड रिकामा. शेवटचा नंबर आणि पहिला नंबर एकच. डॉक्टरांजवळचं सगळं निमित्त संपलं. एवढ्यापुरती सिस्टरांची आयडिया लागू पडली.

डॉक्टर दिग्विजय शुक्रवारी आले आणि कपडे बदलायच्या खोलीत गेले ते लवकर बाहेर पडेनात. बाहेर पडले तेव्हा साळूबाईने त्यांना ओळखलं नाही. आत रेनकोट, वर दोन गाउन, हातमोज्यांचे तीन जोड, तोंडाला दोन मास्क, चष्म्यावर स्कूटरचं पुढे काच असलेलं हेल्मेट. वाऱ्याने काही उडू नये म्हणून त्यांनी पंखा बंद करायला लावला. एसी गंगूबाईंच्या फोटोइतकाच शोभेचा होता. एप्रिलची दुपार.

चिमाबाईला बधिर करायचं इंजेक्शन दिलं. सिस्टरांनी तिचा हात धरला. डॉक्टरांनी सुरी उचलली. काच वाफेने धुरकट झाली होती.

“सिस्टर,” ते आतून म्हणाले, “मला दोन पेशंट दिसतायत.”

आणि ते सरळ मागच्या मागे पडले. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.

सिस्टरांनी आणि साळूबाईने त्यांना उचलून वॉर्डात नेलं. खाटा सगळ्या मोकळ्याच होत्या. डॉक्टर शुद्धीवर आले, वर बघितलं, उशाशी लाल ठिपका दिसला, आणि ते पुन्हा बेशुद्ध झाले. दुसऱ्यांदा उठले ते गाडीत बसून निघून गेले. त्यांनी पंधरा दिवसांची रजा टाकली.

थेटरात चिमाबाई तशीच वाट बघत पडली होती.

“झालं का, बाई?”

“न्हाई गं.”

“मग डाक्टर का पडला?”

“त्यांना गरम झालं.”

“बिचारा,” चिमाबाई म्हणाली. बधिर केलेली मांडी संध्याकाळपर्यंत दुखली नाही, तेवढाच त्या ऑपरेशनचा फायदा.

रात्रीपासून तापाने अंग भाजायला लागलं. सकाळी ती धुळ्याला ओळखेना, मग ओळखलं. सिस्टरांनी साळूबाईला खुर्चीत बसवलं, कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहा म्हणून सांगितलं आणि पहिल्या एसटीने पुणं गाठलं. साळूबाईने आधी कुरकुर केली. पण ती खुर्चीत बसली. पट्ट्या हाताने बदलल्या, दांड्याने नाही.

पुण्यात एका मोठ्या दवाखान्याच्या जिन्यात सिस्टरांनी एका म्हाताऱ्या सर्जनना गाठलं. गाडीत त्यांनी सगळं भाषण तयार केलं होतं. माणुसकी कुठे, डॉक्टरची शपथ कुठे, असं सगळं. त्यांनी फक्त गळू सांगितलं आणि रोग सांगितला. सर्जन चालता चालताच म्हणाले, “उद्या सकाळी आणा. रविवार असला तरी मी असतो. पहिली हीच घेऊ. कापायला काय लागतं त्याला?” आणि ते जिना चढून गेले. एवढं सोपं असू शकतं हे सिस्टरांना ठाऊकच नव्हतं. त्या पायरीवर बसल्या आणि तयार केलेलं भाषण सगळं डोळ्यांवाटे गेलं.

रविवारी सकाळी दवाखान्याची अँब्युलन्स निघाली. चालवायला दयानंद होता, नाकाला कापराचा रुमाल बांधून. येतो म्हणाला हेच पुष्कळ. धुळ्याला मेंढरं टाकून निघता येईना, तो दुपारच्या गाडीने येणार होता. त्याने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि किटली सिस्टरांच्या हातात दिली. किटली गरम होती.

पिरंगुट गेलं, भूकूम गेलं. चिमाबाईचं डोकं सिस्टरांच्या मांडीवर होतं.

“बाई,” ती म्हणाली, “तितं बी माझा नंबर शेवटचा हाय का?”

“नाही. पहिला.”

“पयला?”

“पहिला. तुझ्या आधी कुणी नाही.”

“पयला,” ती स्वतःशीच म्हणाली. पुण्याचा दवाखाना कसला आहे ते तिने विचारलं नाही, डॉक्टर कसा आहे तेही नाही.

भूगावच्या पुढे चढावर गाडी आचके देऊन थांबली. डिझेल संपलं होतं. आदल्या संध्याकाळी बापूसाहेबांच्या वाढदिवसाला वीज गेली, म्हणून कुणीतरी टाकीतलं डिझेल जनरेटरला काढलं होतं. दयानंदला कळायचं काही कारण नव्हतं. काटा गाडी आली तेव्हापासून अर्ध्यावरच उभा होता. तो कॅन घेऊन पंपाकडे पळाला, खरोखर पळाला. सिस्टर रस्त्यात उभ्या राहून हात करत राहिल्या. दोन गाड्या थांबल्या. गाडीवाल्यांनी आत डोकावून काय झालंय म्हणून विचारलं.  पहिल्याला त्यांनी खरं सांगितलं आणि तो गेला. दुसऱ्याला खोटं सांगितलं, गळू आहे फक्त म्हणाल्या, तर तो म्हणाला, सीट खराब होईल.

त्या आत येऊन बसल्या. चिमाबाईचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं. किटलीच्या झाकणात दूध ओतून तिच्या ओठाला लावलं. एक घोट आत गेला. दुसरा गालावरून खाली आला. सिस्टरांनी तो पुसला. मग पुसत राहिल्या. पुसायचं काही उरलं नव्हतं आणि चिमाबाईचा श्वासही चालत नव्हता, हे त्यांना बऱ्याच वेळाने कळलं.

दयानंद घामाघूम होऊन आला. डिझेल ओतलं, बॉनेट उघडलं, लाइनीतली हवा काढली. मग मागच्या काचेतून आत बघितलं. नाकावरचा रुमाल त्याने सोडला आणि खिशात टाकला.

“पुढं जायचं का मागं?” त्याने विचारलं.

“मागं,” सिस्टर म्हणाल्या. “बाबा निघायच्या आत.”

गाडी चालू व्हायला त्याने दोन वायरी एकमेकींना लावल्या. गाडी चालू झाली आणि सोबत भोंगाही चालू झाला, तो काही केल्या बंद होईना. भूगावपासून फाट्यापर्यंत ट्रक, एसटी, टँकर, सगळे बाजूला झाले आणि त्यांनी वाट दिली.